रक्ताची गुठळी, हाडाचा कर्करोग आणि घाईचा मथळा

भाताच्या खाचरात, बांधाच्या कपारीत किंवा गवताच्या भाऱ्याखाली घोणस निघणे मुळशी तालुक्यातील शिक्षकांना नवे नाही. घोणस चावलेला माणूस दवाखान्यात आणला की डॉक्टर एक अगदी साधी परीक्षा करतात. शिरेतून दोन मिलिलिटरच्या आसपास रक्त काढायचे, कोऱ्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत ठेवायचे आणि नळीला वीस मिनिटे हात लावायचा नाही. मग ती एकदा तिरकी करून पाहायची. निरोगी माणसाचे रक्त तोवर साखळून घट्ट झालेले असते. ते पाण्यासारखे वाहू लागले, तर विष भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करतात. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको. कारण या परीक्षेत रक्त साखळण्याला सुरुवात करून देतो तो काचेचा पृष्ठभागच.

नळीतले रक्त पातळ राहिलेले पाहून कोणालाही वाटेल की घोणशीच्या विषात रक्त साखळू न देणारा पदार्थ असला पाहिजे. वस्तुस्थिती उलट आहे. त्या विषात रक्त साखळवणारी विकरे आहेत. त्यांतले एक रक्तातील दहाव्या घटकाला जागे करते, दुसरे पाचव्या घटकाला. त्यामुळे रक्तप्रवाहात जागोजागी सूक्ष्म प्रमाणात साखळण्याची क्रिया चालू होते, साखळण्यासाठी लागणारा कच्चा माल त्यात खर्ची पडतो, आणि शेवटी खऱ्या जखमेपाशी वापरायला काही शिल्लकच राहत नाही. मग हिरड्यांतून, सुईच्या टोचेतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. याच घोणशीचे विष मॅकफार्लेन आणि बार्नेट या दोघांनी १९३४ मध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमांवर पातळ करून लावून पाहिले, आणि रक्त थांबले. पदार्थ तोच, रक्तातील घटकही तेच. कोठे, किती आणि केव्हा यांत फरक पडला आणि परिणाम उलटा झाला.

सर्पदंशापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की ‘रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर नेम धरून हाडांच्या कर्करोगावर इलाज’ अशा अर्थाचे मथळे अधूनमधून वाचनात येतात, आणि ते वाचताना आम्हाला ही परीक्षानळी आठवते. मथळ्यात रक्त गोठवणारे प्रथिन हा खलपुरुष असतो. त्याला गाठला की रोग संपला. मूळ शोधनिबंध काढून वाचला तर तो याहून पुष्कळ सावध असतो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ अधिक रंजकही असतो. आमची तक्रार संशोधनाविषयी फारशी नाही. संशोधनातून मथळा काढताना वाटेत जे सांडते, त्याविषयी आहे. वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने असे कात्रण वर्गात आणले तर त्याला काय सांगावे, याचा विचार शिक्षकांना करावा लागतो, म्हणून ही झडती थोडी सविस्तर घेतो.

रक्त साखळण्याची क्रिया शाळेत आपण थोडक्यात शिकवतो. जखम झाली, रक्तपट्टिका जमल्या, फायब्रिनोजेनचे फायब्रिन झाले, त्याचे जाळे विणले गेले आणि रक्त थांबले. हे बरोबरच आहे. पण सुरुवात कोणी केली हे त्यात राहून जाते. ती करतो ऊतक घटक, म्हणजे टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन. ते रक्तात तरंगत नाही. रक्तवाहिनीच्या भोवती ज्या पेशी असतात त्यांच्या पृष्ठभागावर ते रोवलेले असते. मुळशी धरणाच्या भिंतीबाहेर कोणी एक घंटा बांधावी आणि पाणी तिच्यापर्यंत पोचले तरच ती वाजावी, तशी ही योजना आहे. वाहिनी फाटली, रक्त बाहेर आले, रक्तातील सातवा घटक या प्रथिनाला जाऊन भिडला की घंटा वाजते. सातवा घटक दहाव्याला कामाला लावतो, दहावा पाचव्याच्या मदतीने थ्रॉम्बिन तयार करतो, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे तुकडे छाटून त्याचे फायब्रिन करते. दर पायरीला कामकऱ्यांची संख्या वाढत जाते, म्हणून सुरुवात चिमूटभर असूनही शेवटी गुठळी मोठी होते. ही साखळी १९६४ मध्ये स्पष्टपणे मांडणाऱ्यांत घोणशीच्या विषाचा प्रयोग करणारे मॅकफार्लेनच होते; त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीही ती स्वतंत्रपणे मांडली.

अनेक कर्करोगांच्या पेशी हा ऊतक घटक स्वतःच्या अंगावर वागवतात. अशी पेशी गाठीतून सुटून रक्तात शिरली, की घंटा भिंतीच्या आत आली म्हणायची. तिच्याभोवती रक्त साखळू लागते. येथून आपल्या विषयाला हात घालता येतो.

प्रथम ‘हाडांचा कर्करोग’ या शब्दाविषयी. बातम्यांत तो फार सैलपणे वापरतात. स्तनाचा किंवा पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पसरत हाडात येतो, तो मुळात हाडाचा नव्हे. हाडाच्या मज्जेत होणारा मायलोमा हा आणखी वेगळा. हाडातच उगम पावणारा, आणि शाळेतल्या वयाशी ज्याचा दुर्दैवाने जवळचा संबंध आहे, तो ऑस्टिओसार्कोमा. मुले झपाट्याने उंच होतात त्या वयात तो अधिक आढळतो, आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. एकूण कर्करोगांत तो विरळ आहे. पण तो ज्याने जीव घेतो ते मूळची गाठ क्वचितच असते. तिथून सुटलेल्या पेशी फुफ्फुसांत जाऊन रुजतात आणि त्या मारतात. या रुजण्याला वैद्यकात प्रक्षेप म्हणतात.

ज्याच्या नावाच्या दौडी आपल्याकडेही झाल्या तो कॅनडाचा टेरी फॉक्स या रोगाचाच रुग्ण होता. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला, १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर धावला, आणि छातीत दुखू लागल्याने १ सप्टेंबरला थांबला. रोग फुफ्फुसांत पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला. पाय कापून तीन वर्षे झालेल्या मुलाच्या फुफ्फुसात हा रोग कोठून आला, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याचे उत्तर पुढे उपयोगी पडणार आहे.

केवळ शस्त्रक्रिया हाच उपाय होता त्या काळी, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, सुमारे ८० टक्के रुग्ण पुढे दगावत. रसायनोपचार आले आणि चित्र पालटले. रोग पसरलेला दिसत नसताना सापडला तर आज ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. निदानाच्या वेळीच पसरलेला असेल तर २० ते ३० टक्के. मात्र १९८० च्या दशकानंतर हे आकडे फारसे हललेले नाहीत. चाळीस वर्षे थांबलेल्या या गाडीला कोणी नवा धक्का देऊ पाहत असेल, तर त्याकडे आशेने पाहणे साहजिकच आहे.

कर्करोग आणि रक्ताची गुठळी यांचे नाते जुने आहे. पॅरिसचे आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानात सांगितले की काही कारण नसताना शिरांत गुठळ्या होऊ लागल्या तर पोटात कोठेतरी कर्करोग दडला आहे अशी शंका घ्यावी. पुढे त्यांना स्वतःच्याच अंगावर ही खूण दिसली, आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या निरीक्षणाचा अर्थ कर्करोगामुळे गुठळ्या होतात असा होता. उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे गुठळ्यांमुळे कर्करोग पसरतो काय, याला प्रयोगाने हात घालायला पुढे शंभर वर्षे लागली. १९६८ मध्ये गॅसिक यांनी दाखवले की रक्तपट्टिका कमी केलेल्या उंदरांत कर्कपेशींची फुफ्फुसांतील रुजवण कमी होते. मग २००० मध्ये पालुम्बो, डेगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतःच फायब्रिनोजेन नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यातही प्रक्षेप कमी झाले, पण मूळ गाठ मात्र फायब्रिनोजेन असो वा नसो सारखीच वाढली.

याच गटाचा २००५ मधला प्रयोग आम्हाला या सगळ्या मालिकेतला सर्वांत देखणा वाटतो. रक्तात नैसर्गिक मारक पेशी नावाचे पहारेकरी असतात. ते अनोळखी किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिला मारतात. संशोधकांनी हे पहारेकरी नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यात फायब्रिनोजेन असले काय आणि नसले काय, प्रक्षेपांत फरकच पडेना. याचा अर्थ असा, की फायब्रिनचे आणि रक्तपट्टिकांचे आवरण हे कर्कपेशीचे खाद्य नसून बुरखा आहे. पहारेकरीच नसतील तर बुरखा घालून तरी काय मिळणार? एका प्रश्नाचे उत्तर दुसरा प्रश्न विचारून कसे पक्के करायचे, याचा इतका स्वच्छ नमुना विद्यार्थ्यांना दाखवायला क्वचित मिळतो.

ऑस्टिओसार्कोमाशी थेट संबंध असलेला प्रयोग २०१८ चा. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या मॉरो, स्काचेरी आणि सहकाऱ्यांनी तो ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. मूळच्या गाठीतील आणि फुफ्फुसात रुजलेल्या पेशींची त्यांनी तुलना केली. जनुकांत झालेले बदल त्यांनी शोधले नाहीत. कोणते जनुक किती चालावे हे ठरवणारे डीएनएवरील जे पट्टे असतात, ज्यांना वर्धक म्हणता येईल, त्यांत फरक आहे काय ते पाहिले. फरक होता. प्रक्षेपातील पेशींत जे वर्धक बदललेले होते, त्यांच्या ताब्यातील जनुकांत ऊतक घटकाचे जनुकही होते. ते जनुक दाबले, किंवा त्याच्या वर्धकात बिघाड केला, की उंदरांच्या फुफ्फुसांतील प्रक्षेप लक्षणीय प्रमाणात कमी झाले. काम उत्तम आहे, आणि मथळ्यांना खरा आधार आहे तो अशा कामाचा.

आता झडती.

पहिली शंका वेळेची. उंदरांवरील अशा पुष्कळ प्रयोगांत कर्कपेशी शेपटीच्या शिरेत टोचतात. त्या रक्ताबरोबर वाहत जाऊन थोड्याच वेळात फुफ्फुसांतील बारीक केशवाहिन्यांत अडकतात. फायब्रिनचा बुरखा उपयोगी पडतो तो या पहिल्या काही तासांत. त्यावेळी बुरखा नसेल तर पेशी मारली जाते. पण रुग्णाची गोष्ट अशी नसते. केवळ शस्त्रक्रिया होत असे त्या काळी ८० टक्के मुले पुढे दगावत, याचाच अर्थ असा की बहुतेकांच्या फुफ्फुसांत पाय कापण्याच्या आधीच पेशी जाऊन बसलेल्या असत, फक्त क्ष-किरणांना दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसत. टेरी फॉक्सविषयी वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच असावे. जी पेशी सहा महिन्यांपूर्वी बुरखा पांघरून गावात शिरली आणि आता घर बांधून राहते आहे, तिला वेशीवर बुरखाबंदी करून काय होणार? २०१८ च्या प्रयोगात रुजल्यानंतरच्या वाढीविषयीही काही संकेत आहेत, त्यामुळे ही शंका त्या कामाला पुरती लागू पडत नाही. पण मथळा लिहिणाऱ्याने ती स्वतःला विचारलेली तरी दिसली पाहिजे.

दुसरी शंका शब्दाची. ऊतक घटकाला ‘रक्त गोठवणारे प्रथिन’ म्हटले की तो कर्करोगातही रक्त गोठवण्याचेच काम करत असणार असे वाटते. त्याचे आणखी एक काम आहे. सातव्या घटकाशी जोडला गेला की तो शेजारच्या एका ग्राहीमार्फत पेशीच्या आत निरोप पाठवतो, आणि त्या निरोपाने पेशी वाढते, हलते, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. २००८ मध्ये व्हर्स्टीग, रुफ आणि सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळी प्रतिपिंडे वापरून ही दोन कामे अलग करून दाखवली. रक्त साखळण्याच्या कामाला धक्का न लावता फक्त निरोप तोडणारे प्रतिपिंड दिले तरी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावली. तेव्हा एखाद्या प्रयोगात ऊतक घटक दाबल्याने रोग कमी झाला, एवढ्यावरून रक्त साखळणे थांबवल्याने रोग कमी झाला असे म्हणता येत नाही. गावचा पोस्टमन शेतीही करत असेल, तर तो रजेवर गेल्यावर काय काय बंद पडले ते तपासून पाहावे लागते.

तिसरी शंका आमच्या मते सर्वांत वजनदार आहे, आणि ती अनुभवाची आहे. रक्त पातळ करणारी औषधे देऊन कर्करोग आटोक्यात येतो काय, हे माणसांवर तपासून झाले आहे, एकदा नव्हे तर अनेकदा. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी वॉर्फरिन देऊन केलेल्या चाचणीचा पहिला निकाल १९८१ मध्ये आला. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, लघुपेशी प्रकारात, रुग्णांचे मध्यक आयुष्य २४ आठवड्यांवरून ५० आठवड्यांवर गेले होते. दुप्पट! पण असे रुग्ण होते अवघे ५०. तीन वर्षांनी ४३१ रुग्णांचा पूर्ण अहवाल आला, तेव्हा इतर प्रकारच्या कर्करोगांत काहीही फायदा दिसला नाही. त्यानंतर हेपारिनच्या सुधारित रूपांची पाळी आली. ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २२०२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर डाल्टेपॅरिन दिले. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शिरांतील गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढले, आणि आयुष्य एका दिवसानेही वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. हे रोग ऑस्टिओसार्कोमाहून वेगळे आहेत, हे मान्य. पण उंदरांतील जो पुरावा दाखवून आज आशा दिली जाते, त्याच जातीचा पुरावा या चाचण्यांच्याही मागे होता. हाडांच्या कर्करोगाची बातमी देताना या अपयशांचा उल्लेख नसणे म्हणजे प्रयोगवहीतील नको असलेले वाचन खोडरबराने पुसण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने तसे केले तर आपण गुण कापतो.

ऑस्टिओसार्कोमात अशी चाचणी करणे तर आणखीच कठीण आहे, कारण रुग्ण थोडे. २००५ ते २०११ या काळात झालेल्या एका मोठ्या चाचणीत २२६० रुग्ण मिळवण्यासाठी १७ देशांना एकत्र यावे लागले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधांना ज्यांच्या गाठींनी नीट दाद दिली नाही, त्यांना आणखी दोन औषधे दिल्यास फायदा होईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर नकारार्थी आले. एका प्रश्नाच्या एका नकारासाठी १७ देश आणि दहा-अकरा वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘लवकरच औषध’ या दोन शब्दांची किंमत कळते.

गमतीचा भाग असा, की कर्करोगाविरुद्ध रक्त साखळवण्याचेही प्रयोग चालू आहेत. १९९७ मध्ये थॉर्प यांच्या गटाने ऊतक घटकाचाच एक तुकडा गाठीतील रक्तवाहिन्यांवर नेऊन सोडला. तेथे गुठळ्या झाल्या, गाठीचा रक्तपुरवठा तुटला आणि उंदरांतील गाठी सुकल्या. २०१८ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डीएनएच्या घडीत थ्रॉम्बिन भरून तेच साधले. म्हणजे ज्या वर्षी ऊतक घटक दाबून ऑस्टिओसार्कोमाचे प्रक्षेप रोखल्याचे वृत्त आले, त्याच वर्षी थ्रॉम्बिन पोचवून गाठी मारल्याचेही आले. दोन्ही प्रयोग खरे आहेत. मथळे मात्र शेजारी शेजारी ठेवले तर वाचक गोंधळेल, आणि दोष वाचकाचा नसेल. घोणशीचे विष रक्तात भिनले तर काय होते आणि जखमेवर लावले तर काय होते, हे ज्याला समजले त्याला हे दोन प्रयोग परस्परविरोधी वाटणार नाहीत.

‘नेम धरणे’ या शब्दाचा एक तिसराही अर्थ आहे, आणि औषध म्हणून प्रत्यक्ष वापरात आला आहे तो हा. टिसोटुमॅब व्हेडोटिन या औषधात ऊतक घटकाला चिकटणारे प्रतिपिंड आहे आणि त्याच्या पाठीवर पेशी मारणारे विष लादलेले आहे. येथे ऊतक घटक हा शत्रू नसून पत्ता आहे. ज्या पेशीच्या दारावर तो लावलेला आहे तिच्या आत विष पोचवायचे, एवढेच त्याचे काम. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये याला त्वरित मान्यता आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. नाकातून रक्त येणे आणि डोळ्यांना इजा होणे हे त्याचे त्रास नोंदलेले आहेत. पत्ता काही निरोगी पेशींच्या दारावरही असतो, हे विसरून चालत नाही. ऑस्टिओसार्कोमाच्या बाबतीत रक्त साखळण्याच्या प्रथिनांचा काही उपयोग झालाच, तर तो याच वाटेने होण्याचा संभव आम्हाला अधिक वाटतो. सगळ्या शरीराचे रक्त पातळ करण्याची वाट मात्र बंद झाल्यासारखीच आहे.

रक्ताच्या गुठळीवरील खरे औषध कसे असते हे पाहायला मुळशीच्या शिक्षकांना दूर जायला नको. तालुक्यातच, हिंजवडीच्या जैवतंत्रज्ञान उद्यानात, जेनोव्हा ही कंपनी टेनेक्टेप्लेज नावाचे प्रथिन बनवते. हृदयविकाराच्या झटक्यात, तसेच मेंदूची रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघातात, गुठळी विरघळवण्यासाठी ते शिरेतून देतात. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावरून ठरते. झटका आल्यापासून ठराविक तासांच्या आतच ते द्यायचे असते. पक्षाघातात देण्यापूर्वी मेंदूची प्रतिमा काढून तेथे रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करतात, कारण तो असेल तर हेच औषध जीव घेईल. कोठे, किती आणि केव्हा ही तिन्ही उत्तरे हातात आल्यावर त्याला औषधाची योग्यता आली. ऑस्टिओसार्कोमातील ऊतक घटकाबाबत यांतले एकही उत्तर माणसाच्या बाबतीत आज हातात नाही.

असे मथळे निरुपद्रवी असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. ज्या घरात या रोगाचे मूल आहे तेथे कात्रण पोचते, आणि ‘रक्त पातळ करायची गोळी’ ही तर कोणत्याही दुकानात मिळणारी, आजोबांच्या डब्यात असलेली वस्तू. रसायनोपचार घेणाऱ्या मुलाच्या रक्तपट्टिका आधीच खाली आलेल्या असतात. त्यात घरच्यांनी मनानेच ॲस्पिरिन सुरू केले तर नाकातून सुरू झालेले रक्तही थांबवणे अवघड होते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. कर्करोगाच्या रुग्णाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली म्हणून डॉक्टर हेपारिन किंवा तत्सम औषध देतात. तो गुठळीवरचा उपचार आहे, तो आवश्यक असतो, आणि ‘यामुळे कर्करोगाला काही फायदा नाही असे वाचले’ म्हणून तो बंद करायचा नसतो.

प्रत्यक्षात मुलांचे प्राण आणि पाय वाचवणारी कामे कमी चमकदार आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या रोगासाठी ‘ओजीएस-१२’ नावाची उपचारपद्धती बसवली. परदेशांत उच्च मात्रेत मेथोट्रेक्सेट देतात; त्यासाठी रक्तातील औषधाची पातळी वारंवार मोजावी लागते आणि खर्चही बराच येतो. टाटातील डॉक्टरांनी ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड ही तीन औषधे एका घट्ट वेळापत्रकात बांधली. पाय न कापता रोगट हाड काढून तेथे धातूचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रियाही आता आपल्याकडे होते, आणि देशात बनलेल्या सांध्यांमुळे तिचा खर्च कमी झाला आहे. यातले काही मथळ्यात फारसे येत नाही.

आणि शिक्षकांच्या हातात जे आहे ते तर बातमीत कधीच येत नाही. वाढीच्या वयातील मुलगा किंवा मुलगी गुडघ्याच्या वर किंवा खाली दुखते म्हणून तक्रार करते. खेळात लागले असेल असे सगळ्यांना वाटते, आणि बहुतेक वेळा तसेच असते. पण दुखणे तीन-चार आठवडे टिकले, रात्री झोपेतून उठवू लागले, एकाच पायाला असले किंवा तेथे टणक सूज दिसू लागली, तर चोळणे, शेकणे आणि हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेणे थांबवून क्ष-किरण चित्र काढायला सांगावे. ते पौडला किंवा पुण्यात थोडक्या पैशांत निघते. चित्रात संशय आला तर तुकडा काढून तपासण्याची घाई गावातच करू नये. तो छेद कोठे आणि कोणत्या दिशेने घ्यायचा हे पुढची मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे असते, कारण छेदाची वाटही नंतर गाठीबरोबर काढून टाकावी लागते. चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे वाचण्यासारखा पाय कापावा लागल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.